साखर पानात शिजते

साखर कुठे तयार होते असं आमच्या भागात कुणालाही विचारा, माणूस न बोलता कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवील. त्याच चिमणीखाली मी नोकरी काढली, लेकरं शिकवली, त्यामुळे हे लिहिताना थोडं फितूर झाल्यासारखं वाटतं. पण आता निवृत्त झालोय, कुणाला भ्यायचं? तर सांगून टाकतो. कारखान्यात साखरेचा एक कणसुद्धा तयार होत नाही. ती तयार होते उसाच्या पानात. कारखाना ऊस पिळतो, रस आटवतो, त्यात आधीच असलेली साखर वेगळी काढतो आणि पोत्यावर आपलं नाव छापतो.

हे मी एकदा कारखान्याच्याच बैठकीत बोललो होतो. आमचे चीफ केमिस्ट त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी चहा पाजून म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पण चारचौघांत बोलायची गरज नव्हती."

मी कारखान्याच्या शेती खात्यात होतो. कागल-मुरगूड बाजूची दहा-बारा गावं माझ्याकडे. सकाळी फटफटी काढायची, लागणींच्या नोंदी घ्यायच्या, बेणं द्यायचं, कीड-रोग बघायचा आणि हंगाम जवळ आला की कुणाचा ऊस पिकलाय ते तपासायचं. त्यासाठी गळ्यात एक यंत्र असे. उसाला टोचून रसाचा एक थेंब काढायचा, तो काचेवर ठेवायचा आणि सूर्याकडे तोंड करून नळीतून बघायचं. आत निळ्या-पांढऱ्याची रेघ दिसते, ती जितक्या आकड्यावर तितका रस दाट. बुडाचा आणि शेंड्याचा असे दोन्ही आकडे जवळ आले की ऊस तोडायला झाला. यंत्राला इंग्रजी लांबलचक नाव आहे, पण गावात सगळे दुर्बीणच म्हणत. मुरगूडजवळच्या एका म्हाताऱ्याने त्यातून बराच वेळ बघितलं आणि मला परत देत म्हणाला, "पावणं, चांगली हाय, पर चोरीला गेलेली माझी म्हस काय हितनं दिसंना."

याच म्हाताऱ्याने आदल्या वर्षी उसाच्या बुडात गुळाचं पाणी घातलं होतं. गोड घातलं की गोड उगवेल, असा सरळ हिशोब. हसू नका. झाड मुळाने जेवतं असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, शिकलेल्यांनासुद्धा. खताच्या पोत्यावरच 'पिकाचे अन्न' असं छापलेलं असतं, मग म्हाताऱ्याचं काय चुकलं? त्याला माझ्या परीनं समजावलं ते असं: मुळं पाणी ओढतात आणि त्यातून चिमूटभर क्षार. खत म्हणजे भाजीतलं मीठ. त्याच्याशिवाय चालत नाही, पण मीठ खाऊन कुणी पैलवान होत नाही. खरं जेवण शिजतं पानात. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी तोंडं असतात. त्यातून हवा आत जाते, तुम्ही-आम्ही नाकातून सोडून दिलेली तीच टाकाऊ हवा. खालून पाणी वर येतं. पानातला हिरवा रंग ऊन पकडून ठेवतो, आणि त्या उन्हाच्या जाळावर हवा आणि पाणी यांची साखर होते. त्या साखरेतला काही भाग झाड स्वतः खातं, काहीची मुळं, खोड, पानं बांधतं आणि उरलेली साठवतं. ऊस ती कांड्यांत साठवतो, बटाटा तिचं पीठ करून जमिनीत ठेवतो. शिजवताना जी चांगली हवा उरते ती झाड बाहेर सोडतं, आणि आपण ती फुकट घेतो.

हे सगळं मी गावच्या देवळात भरणाऱ्या परिसंवादातही सांगायचो. एकदा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सायेब, झाड हवा-पाण्यावर जगतंय, मग आमी का न्हाय जगत?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात शेजारचाच म्हणाला, "तू हिरवा न्हाईस म्हणून की रं!" माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचं सार त्यानं एका वाक्यात काढलं. सगळं देऊळ हसलं आणि मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

उसाच्या पानाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. दुपारच्या कडक उन्हात बहुतेक पिकांची पानं दमतात, काम आवरतं घेतात. उसाचं पान त्याच उन्हात जास्त जोरात काम करतं. एप्रिलमध्ये बारा वाजता बांधावर उभं राहून मी कित्येकदा नुसतं बघत राहिलोय. आवाज नाही, धूर नाही, वाफ नाही, आणि एकरभर रानात प्रत्येक पान साखर शिजवतंय. आमच्या कारखान्यात एवढी साखर काढायला बॉयलर, भोंगे, तीन पाळ्या आणि युनियन लागायची.

आता या पानाचा आमच्या भागात वैरी कोण, तर म्हैस. कोल्हापूरकडे ज्याच्या घरी ऊस त्याच्या दावणीला म्हैस असतेच, आणि ऊस चार-पाच महिन्यांचा झाला की बायका सकाळी रानात शिरतात, बुडाकडची पानं ओरबाडतात आणि भारा बांधून आणतात. याला म्हणतात पाला काढणं. वाळलेला, पिवळा पाला काढला तर काहीच बिघडत नाही, उलट वारा खेळतो. पण भारा काही पिवळ्या पाल्यानं भरत नाही. हात हळूहळू वर सरकतो आणि हिरवी पानं जातात. वरची आठ-दहा हिरवी पानं तरी ठेवा, असं सांगत मी गावोगाव फिरलो. बायका तोंडावर "व्हय व्हय" म्हणायच्या आणि माझी फटफटी वळणाआड गेली की रानात शिरायच्या. मी चिडायचो. माझा स्वभाव तसा तापट. एकदा एका बाईच्या डोक्यावरचा भारा उतरवून तिला हिरवी पानं मोजायला लावली होती. त्याची आजही लाज वाटते.

गौराक्का मला भेटली ती दोन हजार साल उलटून गेल्यावर. कर्नाटकच्या हद्दीलगतचं गाव, नदीकाठचं एक एकर रान, घरात कानडी आणि दारात मराठी. पहिल्या भेटीत मला सायेब म्हणाली, दुसऱ्या भेटीपासून तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता. मुलगी लग्न होऊन हातकणंगल्याला. तिचा दीर बसाप्पाण्णा शेजारचंच रान कसायचा, मधे फक्त एक बांध. भाऊ गेल्यावर तो म्हणाला, "वयनी, तुमचं रान मीच कसतो. तुमी घरात बसून खावा." चांगल्या मनानंच म्हणाला, हे मुद्दाम लिहितो. पण गौराक्काला घरात बसून खायचं नव्हतं. तिनं चार पाहुण्यांसमोर सांगितलं, "भावजी, एका सालचा ऊस मला पिकवू द्या. तुमच्या उसापरास हलका निघाला, तर रान तुमच्याकडं देतो. मी हूं का चूं करनार न्हाय." आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात, आणि गौराक्काच्या तोंडी ते फार शोभायचं.

म्हणजे त्या एका उसावर तिचं रान टांगलेलं होतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून तिच्याकडे जास्त फेऱ्या व्हायच्या. मार्चमध्ये बघतो तर बाई रानात आणि हिरवा पाला काखेत.

"आक्का, हे काय करालायसा?"

"म्हशीची वैरन."

"ही पानं म्हणजे उसाची चूल आहे. चूल उचलून म्हशीला घातली तर ऊस जेवणार कशावर?"

"आनि पानं उसालाच ठेवली तर म्हशीला काय घालू? तुझी दुर्बीण?"

मी चिडलो नाही, वय झालं होतं. तिला म्हटलं, माझं ऐकू नका, स्वतः बघा. एका सरीतल्या पाच उसांना तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि त्यांचा हिरवा पाला मनसोक्त काढला. शेजारच्या पाचांना हात लावायचा नाही. दीड महिन्यानं मी गेलो तेव्हा ती आधीच बांधावर उभी होती. कांड्या बोटांनी मोजून झाल्या होत्या. पाला काढलेल्या उसांची नवी कांडी चार बोटं, न काढलेल्यांची सहा, आणि जाडीचा फरक तर डोळ्यांना दिसत होता. ती खाली बसली आणि म्हणाली, "तम्मा, लगीन हुन आल्यापासनं मी पाला काढतोय. किती उसांच्या तोंडचा घास काढला आसंल रं मी?"

त्या दिवसापासून तिनं हिरव्या पानाला हात लावला नाही. घरामागच्या परड्यात आणि बांधावर हत्तीगवत लावलं आणि म्हशीला ते घालू लागली. माझ्या नोकरीत इतक्या ठामपणे माझं ऐकणारी दुसरी व्यक्ती भेटली नाही, त्यात माझी बायकोही आली.

आणि त्याच ऑगस्टात नदी बाहेर पडली.

पूर आम्हाला नवा नाही, पण त्या साली पाणी चार दिवस रानात थांबलं. गौराक्काचा ऊस शेंड्याची दोन बोटं सोडून बुडाला. पाणी ओसरल्यावर बघवत नव्हतं. हिरवं असं काही उरलंच नव्हतं, सगळं रान मातीच्या रंगाचं. एक सर आली असती तर पानं धुऊन निघाली असती, पण पुरानंतर लख्ख ऊन पडलं आणि पानांवरचा गाळ पापडासारखा वाळला. इतक्या दिवसांनी सूर्य आला होता आणि पानांना तो दिसत नव्हता.

अशा वेळी आमच्या खात्याची एक ठरलेली पद्धत असे. गावच्या गाव पाहायची असतात, वेळ नसतो. बांधावर उभं राहायचं, नजर टाकायची आणि वहीत 'बाधित' लिहून पुढे जायचं. मी तेच केलं. तिला सांगितलं, "आक्का, शेंडा कुजणार याचा. कापून टाका, बुडातून फुटून खोडवा तरी येईल." दिवसभरात असं सहा-सात जणांना सांगितलं. बसाप्पाण्णानं गावच्या रिवाजाप्रमाणे चिखलाचा पाला ओरबाडून टाकायला माणसं लावली होती. घाण गेली की नवीन पान फुटेल, असा समज.

गौराक्का माझ्या फटफटीच्या आडवी आली.

"तम्मा, पान म्हंजे चूल, आसं तूच म्हंटलतास न्हवं?"

"म्हटलं होतं."

"मग चुलीवर चिखूल पडला तर चूल फोडत्यात का पुसत्यात?"

मी म्हटलं, "एकराला किती पानं असतात ठाऊक आहे का? पुसत बसणार?"

"बसतो की. मला दुसरं काय काम हाय?"

तिनं एका उसाचा शेंडा दोन बोटांनी उकलून मला दाखवला. आतला कोंब पांढरा, कडक होता. जिवंत. एवढं साधं बघणं मी बांधावर उभा राहून टाळलं होतं. मी फक्त एक उपयोगाची गोष्ट सांगितली, की पाठीवरच्या पंपानं फवारणार असाल तर तो सोड्यानं तीन वेळा धुऊन घ्या, त्याच पंपानं तणनाशक मारलं होतं.

गाव हसलं. "आक्का उसाला आंघूळ घालालीया," म्हणत बायका बांधावरून जायच्या. ती म्हणायची, "म्हशीला घालतो, मग उसानंच काय पाप केलंय?" गावच्या वरच्या अंगाच्या विहिरीतून बैलगाडीत पिंपं भरून आणायची, पंप पाठीवर घ्यायचा आणि गुडघाभर चिखलात एकेका सरीतून जायचं. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. दोन्ही हातांना फडकी बांधली तरी तिचे दंड सोलून निघाले. गाळ निघत नसेल तिथं ओल्या फडक्यानं पान पुसायची. पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा नदीकाठच्या सगळ्या करड्या पट्ट्यात एकच एकर हिरवं होतं.

खरी परीक्षा त्यानंतर आली, आणि ते मला गौराक्कानंच नंतर सांगितलं. बांधावरचं आणि परड्यातलं हत्तीगवत पुरात कुजलं होतं. गावात हिरवी वैरण म्हणून औषधालाही नव्हती, गाळाचा पाला घातला की जनावरं पोट फुगून पडत होती. अख्ख्या शिवारात खाण्याजोगी हिरवी पानं फक्त तिच्या रानात, तिनं स्वतः धुतलेली. म्हैस जुना भिजका कडबा हुंगून तोंड फिरवायची आणि उसाकडे बघून हंबरायची.

"इळा घिऊन दोनदा रानात गेलतो, तम्मा," ती म्हणाली. "एकदा तर पान धरलंतं हातात. मग वाटलं, हिला आज पोटभर घातलं तर रान जातंय. सोडलं. घरात यिऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलो."

म्हैस आटली. दूध बंद झालं ते झालंच. गौराक्का तीन महिने काळा चहा पीत होती.

मग पानांनी काम दाखवलं. गणपती झाले तशी तिच्या उसाची नवी पानं बाहेर पडू लागली. बांधापलीकडे बसाप्पाण्णाचा ऊस बोडका होता. पानं नाहीत, म्हणजे शिजवणं बंद, म्हणून उसानं पोटातली साठवलेली साखर खायला काढली. शेंडे मेलेल्या उसांच्या कांड्यांवरच्या डोळ्यांतून पांगशा फुटल्या, म्हणजे बाजूचे कोवळे कोंब, आणि तेही आतलाच रस पिऊन वाढले. दिसायला हिरवं, आतून पोकळ. माझ्या सांगण्यावरून ज्या तिघांनी ऊस कापला होता, त्यांची रानं तेव्हा उघडी पडलेली होती. त्यांच्या रानांतले शेंडे मी उकलून बघितले नव्हते. जिवंत होते की मेलेले, ते आता कधीच कळणार नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि लावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

जानेवारीत दोन्ही रानांना एकाच दिवशी तोड आली. तोडकरी दोन्हीकडे मोळ्या बांधत होते. मी यंत्र घेऊन गेलो. गौराक्काच्या उसाचा थेंब काचेवर ठेवला, सूर्याकडे धरला आणि रेघ वीसच्या पुढे दिसली. बसाप्पाण्णाच्या उसाची चौदालाच अडखळली. मी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही, कारण डोक्यावर मोळी घेणाऱ्या एका तोडकरी बाईनं आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बांधापलीकडची मोळी तिनं एका झटक्यात उचलली होती आणि गौराक्काची उचलायला नवऱ्याला हाक मारली.

बसाप्पाण्णा ते बघत होता. तो बांध ओलांडून आला, गौराक्काच्या मोळीतला एक ऊस उपसला, गुडघ्यावर मोडला आणि चावू लागला. दोन कांड्या संपवल्या. चोयट्या थुंकल्या, हात धोतराला पुसले. गौराक्का पदर खोचून तशीच उभी होती, तिच्या दंडांवरचे ओरखडे अजून पांढरे दिसत होते. मला वाटलं, आता हा माणूस पुराला दोष देईल, नाहीतर नशिबाला.

तो म्हणाला, "वयनी, रानाचं बोलायचं काय कारन न्हाय. ते तुमचंच. पर यंदापासनं माझ्या रानातला पाला कवा काढायचा, किती काढायचा, ते तुमी येऊन सांगायचं."

"सांगतो की," गौराक्का म्हणाली. "आधी चार वाडी उचला. म्हस उपाशी हाय."

वाडं म्हणजे तोडताना छाटलेला उसाचा हिरवा शेंडा, त्याची पानं आता उसाला लागत नाहीत. बसाप्पाण्णानं मोठा भारा बांधला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि वहिनीच्या घराच्या वाटेला लागला. मी त्या दोघांच्या अगदी मधे उभा होतो, गळ्यात कारखान्याचं यंत्र घालून. पाला किती काढायचा ते बसाप्पाण्णाला मी चार वर्षं सांगत आलो होतो. त्यानं जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.